तोड आली काय? इंग्रजी काळाची आणि प्रश्नाची गोष्ट

दिवाळी उलटली, कारखान्याचा भोंगा वाजायला लागला की इस्लामपूरच्या परिसरात दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘तोड आली काय?’ म्हणजे ऊसतोडणी कामगारांची टोळी तुझ्या रानात पोचली का? इतक्या साध्या, रोजच्या प्रश्नाचं इंग्रजी मराठी माध्यमातल्या नववीच्या मुलाला विचारून पाहा. ‘इज केन कटर्स केम?’ असं काहीतरी ऐकायला मिळेल. एखादा हुशार मुलगा ‘डिड केन कटर्स केम?’ म्हणेल. बहुतेक जण मान खाली घालून गप्प बसतील.

त्या मुलाला इंग्रजी शब्द येत नाहीत असं नाही. गेली काही वर्षं तो पाठ करतो आहे तो बारा काळांचा तक्ताही त्याला येतो. अडचण अशी की त्याच्या भाषेत प्रश्न ज्या पद्धतीनं तयार होतो, ती पद्धत आणि इंग्रजीची पद्धत यांतला फरक त्याला कुणी शेजारी शेजारी ठेवून दाखवलेला नसतो. तो दाखवला तर काम पुष्कळ सोपं होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी लागणारं बरंचसं साहित्य त्या मुलाच्या घरच्या बोलीतच पडलेलं आहे.

मराठीत प्रश्न करायला काहीच हलवावं लागत नाही. ‘तोड आली’ हे विधान. तेच शब्द त्याच क्रमानं ठेवून शेवटी सूर वर नेला की प्रश्न झाला. हवं तर ‘का’ जोडा, सांगली-कोल्हापूरकडं ‘काय’ जोडा. ‘कुठं’, ‘कधी’, ‘कोण’ हे शब्दही क्रियापदाच्या जवळ आपापल्या जागी बसतात: ‘तू सांगलीला जातोस’, ‘तू कुठं जातोस’. सांगलीच्या जागी कुठं आलं, बाकी वाक्य जागचं हललं नाही. सूर आणि ‘का’ हेच काम करत असल्यानं जुन्या मोडी कागदांत प्रश्नचिन्ह नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणावरून मराठीत आली आणि ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. चिन्ह आपण घेतलं, प्रश्नाची रचना मात्र आपलीच राहिली.

इंग्रजीत प्रश्न म्हणजे जागांची अदलाबदल. कर्त्याच्या पुढं एक साहाय्यक क्रियापद यावंच लागतं. ‘शी इज रीडिंग’चं ‘इज शी रीडिंग?’ होतं. ‘दे हॅव गॉन’चं ‘हॅव दे गॉन?’ होतं. ‘यू कॅन स्विम’चं ‘कॅन यू स्विम?’ होतं. इथपर्यंत मुलं चटकन शिकतात. गाडी अडते ती ‘यू लाइक टी’ या वाक्यापाशी. पुढं आणायला साहाय्यक क्रियापदच नाही! मग इंग्रजी ते बाहेरून आणते, आणि त्याचं नाव ‘डू’.

या ‘डू’नं मराठी मुलांना जेवढं छळलं आहे तेवढं दुसऱ्या कुठल्या शब्दानं छळलं नसेल. कारण ते मुलाला सर्वात आधी भेटतं ते ‘करणे’ या अर्थानं. मग ‘डू यू लाइक टी?’ या वाक्यात करण्याचा काय संबंध, हे त्याला कळत नाही आणि विचारायची सोय नसते. खरं उत्तर असं की काही संबंध नाही. इथला ‘डू’ अर्थशून्य आहे. पुढची मोकळी जागा भरणं आणि काळ अंगावर घेणं एवढंच त्याचं काम. ‘डू यू डू युवर होमवर्क एव्हरी डे?’ या वाक्यात पहिला ‘डू’ जागा भरणारा आणि दुसरा खरोखर ‘करणे’. हे एक वाक्य फळ्यावर लिहून दोन ‘डू’ वेगवेगळ्या रंगाच्या खडूनं रंगवले की अर्धा गोंधळ मिटतो.

इंग्रजांनाही हा ‘डू’ जन्मापासून मिळालेला नाही. जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापदच सरळ पुढं येत असे, ‘तुला ठाऊक आहे का’ याला ‘नो यू?’ अशा धाटणीचा प्रश्न चालत असे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ‘डू’चा वापर वाढत गेला. 1616 साली निधन पावलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी आणि नवी अशा दोन्ही धाटणीचे प्रश्न एकत्र नांदताना दिसतात. पुढं नवी रीत जिंकली. फक्त ‘ॲम, इज, आर’, साहाय्यक ‘हॅव’ आणि ‘कॅन, विल’ यांच्या घराण्यानं जुनी रीत सोडली नाही, म्हणून ती अजूनही स्वतःच पुढं जातात. मुलांना नियमाबरोबर हा इतिहास सांगावा. नियम मनमानी वाटला की मन तो धरून ठेवत नाही.

‘डू’बद्दल दुसरी गोष्ट अशी की तो काळाचं ओझं मुख्य क्रियापदावरून स्वतःकडं घेतो. भूतकाळ असेल तर ‘डिड’ होतो आणि क्रियापद मूळ रूपात परततं: ‘यू वेंट’, पण ‘डिड यू गो?’. ‘ही’, ‘शी’ कर्ता असेल तर क्रियापदाचा ‘एस’ काढून घेतो: ‘ही वर्क्स’, पण ‘डज ही वर्क?’. मराठी मुलगा ‘डिड यू वेंट?’ म्हणतो कारण ‘गेलास का?’ या त्याच्या वाक्यात ‘ल’ प्रश्नातही तसाच असतो. त्याच्या मनाला वाटतं, घडून गेलेली गोष्ट आहे तर क्रियापदावर तिची खूण हवीच. त्याला एवढंच सांगायचं: खूण एकाच जागी राहते, ‘डिड’मध्ये ती आली, आता दुसरीकडं नको.

आता ‘आहे’कडं वळू. माझ्या मते इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाचा सगळ्यात मोठा खड्डा ‘डू’पेक्षाही ‘आहे’ हा आहे. ही चार वाक्यं पाहा. तो शिक्षक आहे. तो जात आहे. तो गेला आहे. त्याच्याकडं ट्रॅक्टर आहे. मराठीत चारही ठिकाणी एकच ‘आहे’. इंग्रजीत पहिल्यात ‘इज’, दुसऱ्यात ‘इज’ आणि ‘गोइंग’, तिसऱ्यात ‘हॅज गॉन’, आणि चौथ्यात ‘ही हॅज अ ट्रॅक्टर’. प्रश्न केला की चौघांच्या वाटा आणखी फुटतात: ‘इज ही अ टीचर?’, ‘इज ही गोइंग?’, ‘हॅज ही गॉन?’, पण ‘डज ही हॅव अ ट्रॅक्टर?’. तिसऱ्यातला ‘हॅज’ साहाय्यक आहे म्हणून स्वतः पुढं गेला. चौथ्यातला ‘हॅज’ मालकी सांगणारं मुख्य क्रियापद, म्हणून त्याला ‘डज’ची मदत लागली. ‘इज यू हॅव पेन?’ ही चूक याच खड्ड्यातून निघते. ‘तुझ्याकडं पेन आहे का?’ म्हणताना मनात ‘आहे’ वाजतो आणि तोंडातून ‘इज’ बाहेर पडतो. उपाय एकच, ही चार वाक्यं चार प्रश्नांसकट जिभेवर घोळवणं.

याच्याच शेजारी ‘मला’चा प्रश्न आहे. ‘मला चहा आवडतो’ या मराठी वाक्यात क्रियापद चहाच्या मागं जातं: चहा आवडतो, कॉफी आवडते. इंग्रजीत कर्ता ‘आय’. म्हणून ‘तुला चहा आवडतो का?’ याच्या इंग्रजी प्रश्नात कर्ता ‘यू’ धरायचा, ‘टी’ नाही. पण ‘मला भूक लागलीय’ हे इंग्रजीत ‘आय ॲम हंग्री’ होतं, म्हणून तिथं ‘आर यू हंग्री?’. प्रश्न करण्याआधी इंग्रजी विधान मनात पूर्ण तयार हवं. थेट मराठी प्रश्नावरून उडी मारली की पाय मुरगळतोच.

काळांची गंमत यापेक्षा मोठी आहे. शाळेतल्या मराठी व्याकरणात प्रत्येक काळाचे चार प्रकार शिकवतात: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजीच्या तासाला पुन्हा चार: सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. दोन्हीकडं तीन चोक बारा. मुलाला वाटतं तक्ता एकच, नावं तेवढी बदलली. पहिले तीन प्रकार नावानं जुळतातही. चौथा मात्र अजिबात जुळत नाही. आपला रीती काळ सवय सांगतो: ‘मी पहाटे रानात जात असतो’, ‘आजोबा कृष्णेत पोहत असत’. इंग्रजीत पहिल्याला सिंपल प्रेझेंट लागतो आणि दुसऱ्याला ‘यूज्ड टू’. म्हणजे इंग्रजीचा ‘सिंपल’ वर्तमान खऱ्या अर्थानं आपल्या रीती वर्तमानाचा भाऊ आहे. हे एक सूत्र सांगितलं तर ‘आय गो टू स्कूल’ म्हणजे आत्ता वाटेवर असणं नव्हे, रोजचं जाणं, हे लगेच उमगतं.

आपला साधा वर्तमानकाळ फार लवचीक आहे. ‘मी रोज जातो’ यात सवय आहे. ‘येतो हं’ म्हणत आपण निरोप घेतो. ‘थांबा, मी आणतो’ यात आत्ताच घेतलेला निर्णय आहे, ‘उद्या पुण्याला जातो’ यात बेत. इंग्रजीत पहिलं सिंपल प्रेझेंट. निर्णयाला ‘विल’ लागतं: ‘वेट, आय विल ब्रिंग इट’. बेताला ‘आय ॲम गोइंग टू पुणे टुमारो’. आणि घरातून कुणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो, पाय उचललेला नसतानाही भूतकाळ वापरतो! इंग्रज त्याच क्षणी ‘कमिंग!’ म्हणतो. कुठली भाषा बरोबर हा मुद्दा नाही. दोघी वेळेकडं वेगळ्या खिडकीतून पाहतात.

इथं सांगली-कोल्हापूरच्या बोलीचा एक मोठा फायदा मला सांगायचा आहे. या भागात ‘मी जेवायलोय’, ‘पोरगं खेळायलंय’, ‘पाऊस पडायलाय’, ‘काय करायलायस?’ अशी रूपं सर्रास ऐकू येतात. शहरी कान त्यांना गावंढळ समजतात आणि शाळेत ती पुसून टाकायचा प्रयत्न होतो. पण ‘जेवतो’ आणि ‘जेवायलोय’ यांत ही बोली स्वच्छ रेघ ओढते: पहिलं सवयीचं, दुसरं या क्षणी चाललेलं. अगदी तीच रेघ इंग्रजी ‘आय ईट’ आणि ‘आय ॲम ईटिंग’ यांच्यामध्ये ओढते. म्हणून वाळवा तालुक्यातल्या मुलासाठी कसोटी सोपी आहे: घरच्या बोलीत ‘-यलोय’ लावून वाक्य नीट वाटतं का? वाटलं तर ‘ॲम, इज, आर’ आणि ‘आयएनजी’. ‘पाऊस पडायलाय’ चालतं, म्हणून ‘इट इज रेनिंग’. ‘मला दोन भाऊ असायलेत’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणायचं नाही. ‘मला माहीत असायलंय’ कुणी म्हणत नाही, म्हणून ‘आय ॲम नोइंग’ नको. भारतभर सुशिक्षित माणसंही या दोन चुका करतात. ज्या बोलीला हसतात तिच्यातच त्या टाळण्याची किल्ली आहे.

एका ठिकाणी ही कसोटी थांबते, तेही सांगून ठेवतो. ‘मी दहा वर्षं इस्लामपुरात राहतोय’ यात मागे सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट आहे. मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला इथं ‘हॅव’ हवाच: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन इस्लामपूर फॉर टेन इयर्स’. इंग्रजी तक्त्यातला तो चौथा, परका प्रकार मुख्यतः याच कामासाठी आहे. प्रश्न ‘हाउ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग हिअर?’. तुम्ही कधीपासून इथं आहात, असा अर्थ असेल तिथं हा साचा वापरा.

आता तोडीच्या प्रश्नाकडं. ‘तोड आली काय?’ विचारणाऱ्याला टोळी कोणत्या वारी आली यात रस नाही. आत्ता रानात टोळी आहे की नाही, ऊस जाणार की वाळणार, ही आजची स्थिती त्याला हवी. अशा प्रश्नाला इंग्रजीत ‘हॅव’ लागतो: ‘हॅव द केन कटर्स कम?’. उत्तर ‘हो, आली’ असं आलं की पुढचा प्रश्न ‘कधी आली?’. आता वेळ विचारली, म्हणून ‘हॅव’ गेला आणि ‘डिड’ आला: ‘व्हेन डिड दे कम?’. तिसरा प्रश्न हंगाम संपल्यावरचा, ‘एकरी किती टन पडला?’: ‘हाउ मेनी टन्स डिड यू गेट पर एकर?’. मराठीत तिन्हीकडं ‘ल’चं रूप आहे, इंग्रजीत पहिलं वेगळं पडलं. आजची स्थिती विचारायची तर ‘हॅव’, घडल्याची वेळ किंवा संपलेल्या गोष्टीचा तपशील हवा तर ‘डिड’. मराठीत ‘तो कालच आला आहे’ हे वाक्य चालून जातं, इंग्रजीत ‘यस्टरडे’ आणि ‘हॅज कम’ एका वाक्यात नांदत नाहीत. रोजच्या बोलण्यात ही चूक वरचेवर ऐकू येते.

‘कोण’ असलेले प्रश्न मुलांना फार चकवतात. ‘हू केम?’ यात ‘डिड’ नाही, ‘हू डिड यू मीट?’ यात आहे. इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं कर्ता, कर्म असं सांगतात आणि मुलं जांभया देतात. मराठीत हा फरक शब्दाच्या अंगावरच लिहिलेला असतो. मराठीत ‘कोण’ किंवा ‘कोणी’ आलं तर ‘डू’ नाही: ‘ग्लास कोणी फोडला?’, ‘हू ब्रोक द ग्लास?’. ‘कोणाला’ आलं तर ‘डू’ आणा: ‘तू कोणाला भेटलास?’. अपवाद ‘मला’च्या वाक्यांचा: ‘चहा कोणाला पाहिजे?’ हे ‘हू वॉन्ट्स टी?’, कारण इंग्रजीत पाहिजे असणारा माणूस कर्ता होतो.

अडवणारी आणखी एक जागा म्हणजे नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. ‘तू आला नाहीस?’ याला आपण ‘हो, नाही आलो’ म्हणतो. ‘हो’ हे विचारणाऱ्याच्या बोलण्याला होकार देतं. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ विचारणाऱ्याकडं पाहत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडं पाहतात. नसेल आला तर ‘नो, आय डिडन्ट’. मुलाखतीत ‘हॅवन्ट यू फिनिश्ड युवर प्रोजेक्ट?’ असं विचारलं आणि पोरानं नम्रपणे ‘यस सर’ म्हटलं, तर समोरच्याला प्रोजेक्ट पूर्ण झालाय असं वाटेल. ‘ना’चंही तसंच. आपला ‘ना’ कुठल्याही वाक्याच्या शेपटीला चालतो; इंग्रजीत शेपूट वाक्याप्रमाणे बदलते, ‘यू आर फ्रॉम आष्टा, आरन्ट यू?’, ‘शी वर्क्स हिअर, डझन्ट शी?’.

हे सगळं आजच सुचलं असं नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं आणि मराठी काळांना व्यवस्थित चौकट मिळाली. पुढं तर्खडकर या नावाचीच भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या घरोघर वापरली गेली. मराठी वाक्य, त्याखाली त्याचं इंग्रजी, मग सराव. नंतरच्या काळात भाषांतरानं शिकणं मागासलेलं ठरलं, कारण त्यात बोलणं नव्हतं. आक्षेप खरा आहे. पण दोन भाषांची तुलनाही त्याबरोबर टाकून दिली गेली, हे नुकसान झालं. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी पाचवीत एबीसीडी भेटायची. वर्षं वाढली, तरी तुलना फारशी परतली नाही.

वाळवा तालुक्यात शिक्षणाची ओढ जुनी आहे. रयत शिक्षण संस्था 1919 साली काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक याच तालुक्यातलं. साखराळ्याच्या माळावर 1983 साली राजारामबापूंच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं अशा महाविद्यालयांत गेली की अवघड संकल्पना समजतात, पण शंका विचारायला हात वर होत नाही. विषय समजलेला असतो, पण इंग्रजीतला प्रश्न तयार नसतो. ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

आणि त्याचं कारण शाळेतच आहे. वर्गात प्रश्न शिक्षक विचारतात, मुलं उत्तरं देतात. मुलाला स्वतः प्रश्न करायची वेळ येते ती मुख्यतः परीक्षेत, अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा ‘डब्ल्यूएच’ प्रश्न तयार करा, एवढ्यापुरती. तो प्रश्नही कागदावरच राहतो, कुणाला विचारायचा नसतो.

म्हणून पालकांना आणि गुरुजनांना एक विनंती. रोज काही वेळ भूमिका उलटी करा, मुलाला विचारू द्या आणि तुम्ही उत्तर द्या. ‘आई, डिड यू गो टू द मार्केट?’, ‘बाबा, हॅव यू हॅड टी?’, ‘आजी, व्हॉट आर यू डूइंग?’. उत्तर मराठीत दिलंत तरी चालेल, आजीनं ‘भाजी निवडायले’ म्हटलं तर फारच उत्तम, कारण ‘आर यू डूइंग’चं रूप तिच्या तोंडातच आहे. चूक झाली तर हसू नका, वाक्य नीट करून एकदा म्हणा आणि पुढं चला.